सिनेमाचं दावं

मी सदतीस वर्षांची आहे. जोयड्याच्या सरकारी मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. मतदान करते, एवढंच नाही, निवडणुकीच्या ड्यूटीवर बसून दुसऱ्यांकडूनही करवून घेते. थोडक्यात, सरकारच्या हिशेबी मी पूर्ण वाढ झालेली बाई आहे. आणि तरीही या गावात एक माणूस असा होता, जो मला एक सिनेमा बघू देत नव्हता. "वय न्हाई झालं अजून तुजं," म्हणायचा.

तो माणूस म्हणजे लुमाण्णामामा. माझे सख्खे मामा नव्हेत. बस स्टँडच्या मागे त्यांचं भाड्यानं सीडी द्यायचं दुकान होतं, म्हणून ते सगळ्या जोयड्याचे मामा. मूळचे खानापूरकडचे. अंगात पांढरा सदरा, खिशात सीडी पुसायचं मऊ फडकं, आणि तोंडात एकच प्रश्न. गिऱ्हाईक दुकानात आलं की इतर दुकानदार "काय पाहिजे?" विचारतात. मामा विचारायचे, "घरात कोन कोन हाय?"

आता सीडीच्या कव्हरवर सेन्सॉर बोर्डाचं वयाचं लेबल असतं, हे तुम्ही बघितलं असेल. यू म्हणजे सगळ्यांनी बघावा, यूए म्हणजे लहान पोरांनी आईबापांना शेजारी बसवून बघावा, आणि ए म्हणजे फक्त मोठ्यांनी. मामा ते लेबल चष्मा लावून नीट वाचायचे, मान हलवायचे आणि विसरून जायचे. "बोर्ड बसतंय तिकडं लांब मुंबईत," ते म्हणायचे. "हितं बाजारकुणंग गावात कोन कसल्या काळजाचं हाय, त्यास्नी काय ठावं?"

म्हणून लेबल मामाच ठरवायचे, आणि तेही घर बघून. वाघाचा सिनेमा रानाकडेच्या घरांना नाही, कारण पहाटे तांब्या घेऊन बाहेर जायची पंचाईत व्हायची. सासू सुनेला छळते तो सिनेमा नव्या लग्नाच्या घराला नाही. "आयतं शिकिवल्यागत हुतंय," हे त्याचं कारण. एक देवादिकांचा सिनेमा होता, त्यात शेवटी अख्खी नगरी पाण्याखाली जाते. त्याच्यावर स्वच्छ यू होतं. पण सुप्याच्या धरणात ज्यांची घरं बुडाली, त्या माणसांना मामांनी तो कधी दिला नाही. त्यांतलीच भागीरथीआजी तर त्यासाठी कितीदा आली. "देवाचा हाय म्हणत्यात, दे की रे मुडद्या!" म्हणून ओरडायची. मामा तिच्या पिशवीत गुपचूप बाळकृष्णाचा टाकायचे. ती घरी जाऊन तोच पुन्हा बघायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा शिव्या द्यायची.

असा धंदा कसा चालत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

माझा सिनेमा वेगळा होता. लाल कव्हर, त्यावर ट्रक, आणि ट्रकच्या पुढे नखशिखांत भिजलेली नटी. सातवीत असताना मी तो पहिल्यांदा मागितला. मामांनी तो माझ्या हातातून काढून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. "ह्यो न्हाई. वय न्हाई तुजं." भिजलेल्या नटीकडे बघून मी काय समजायचं ते समजले आणि लाजून पळाले.

दहावी झाल्यावर पेढे घेऊन गेले तेव्हा आडून विचारलं. मामांनी पेढा खाल्ला, वर बघितलं नाही. डी.एड. झालं, नोकरी लागली, तरी नाही. लग्न झालं तेव्हा वाटलं, आता तरी देतील, आता तर सरकारमान्य परवाना मिळाला. "न्हाई." नवरा शेजारी उभा होता, तो माझ्याकडे संशयानं बघायला लागला. तेव्हापासून मी मागणं सोडलं, पण मनातल्या मनात त्या सिनेमाची गोष्ट रचणं काही सुटलं नाही. वर्षानुवर्षं मी ती वाढवत नेली. माझी गोष्ट शेवटी इतकी चावट झाली की ती कुठल्याच बोर्डानं पास केली नसती.

इथं एक सांगून ठेवते. चौथीपासून आमच्या घरात आई आणि मी, दोघीच. बाबांची जोयडा-रामनगर जीप होती, आणि मामांच्या दुकानाचा मालही तेच आणायचे. दोघांची गट्टी अशी की जीपमध्ये पुढची सीट मामांसाठी राखीव असे, मामा येणार नसले तरी. मी चौथीत असताना ती जीप घाटात दरीत गेली, बाबांसकट. त्यानंतर घरात बाबांचा विषय निघाला नाही. आईनं काढला नाही म्हणून मी काढला नाही, आणि पुढे आई गेल्यावरही माझी ती सवय तशीच राहिली.

मोबाईल आले आणि मामांचं दुकान बसलं. पण सीडी त्यांनी टाकल्या नाहीत. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, अंगणात चटई घालून एका बाजूला आमसुलं आणि दुसऱ्या बाजूला सिनेमे असं वाळवण पडायचं. शेजारची माणसं त्या लखलखाटानं डोळ्यांवर हात धरून रस्त्यानं जायची. कुणी शेतकरी आला आणि म्हणाला, "मामा, एक-दोन चकत्या द्या, भातावर टांगतो, पाखरं येत न्हाईत," की मामा चष्मा लावून सीडी निवडायला बसायचे. "ही नगं. ह्येच्यावर ए हाय. लावणीला बायका येत्यात शेतात."

हे सिनेमे ऑनलाइन विकायची कल्पना माझी. दुसऱ्याचा वेळ कसा सत्कारणी लावावा, हे शिक्षकाला फार चांगलं कळतं. जुन्या वस्तू विकायची एक साइट मी शोधली. तिचे नियम इंग्रजीत होते, आणि इंग्रजी नियम वाचताना झोप न येणारी आमच्या आळीत मी एकटीच, तेव्हा वासरांत लंगडी गाय शहाणी. मी मामांना समोर बसवून नियम समजावले. फोटोत वयाचं लेबल दिसलं पाहिजे. ए लेबलचे सिनेमे वेगळ्या कप्प्यात, आणि तिथं गिऱ्हाइकानं आपलं वय सांगायचं. लेबल फाटलेला सिनेमा चालणार नाही, परदेशातलं लेबल चालणार नाही, आपल्या हातानं लेबल लिहायचं नाही. जे फोटोत आहे ते सगळं, डबी-कव्हरासकट, गिऱ्हाइकाला मिळालं पाहिजे. तीन तक्रारी झाल्या की साइटवरचं दुकान कायमचं बंद.

"व्हय व्हय," मामा म्हणाले.

जो पोरगा नुसता "व्हय व्हय" म्हणतो त्याला काही कळलेलं नसतं, हे इतकी वर्षं शिकवूनही माझ्या लक्षात राहत नाही.

पण दुकान चाललं. जुन्या सीडी जमवणारी माणसं जगात आहेत, हे मला तेव्हा कळलं. पार्सलावर गिऱ्हाइकाचा फोन नंबर येतो, हे मामांना त्याहून लवकर कळलं. सिनेमा धाडायच्या आधी ते प्रत्येकाला फोन लावायचे. "नमस्कार, जोयड्यास्नं लुमाण्णा बोलालोय. घरात कोन कोन हाय?" शहरातली माणसं आधी दचकायची. मग कोण जाणे काय व्हायचं, ती बोलत बसायची. कुणाचा मुलगा परदेशात, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. मिरजेच्या एक निवृत्त नर्सबाई तर पुढचा सिनेमा कुठला मागवू, हे विचारायच्या निमित्तानं दर आठवड्याला फोन करायच्या. फोनची वेळ झाली की मामा इस्त्रीचा सदरा घालून बसायचे.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. दुकान गेल्यापासून त्यांना "काय मामा" म्हणायला दारात येणारं कुणी उरलं नव्हतं. तो इस्त्रीचा सदरा बघून मला फार बरं वाटायचं. आपण किती परोपकारी आहोत, असंही वाटायचं. ते जरा जास्तच वाटायचं.

आणि पहिली तक्रार आली. सीडी मिळाली, कव्हर नाही, लेबल नाही. मी तशीच मामांकडे गेले.

"मामा, कव्हर कुठाय?"

मामांनी भिंतीकडे बोट केलं. तारेवर विकलेल्या सगळ्या सिनेमांची कव्हरं चिमट्यांनी ओळीत लावलेली होती.

"गिऱ्हाइकाला का नाही पाठवलं?"

"सिनेमा धाडलो की."

"अहो, पण कव्हर?"

मामा माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायला लागले. "संगे, बैल इकला तर दावं कोन देतंय?"

आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं घरीच ठेवतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. दावं गेलं की गोठ्याची बरकत गेली. माझ्या आजोबांनी म्हैस विकली तेव्हा तिच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलेलं मी स्वतः बघितलं आहे. साइटच्या नियमांत दाव्याबद्दल काही लिहिलंय का, ते मी पुन्हा वाचून बघितलं. नव्हतं.

"मामा, ते लेबल कव्हरावर असतं. लेबल नाही गेलं तर तक्रार होते."

"लेबल पायजे व्हय? मग आदी सांगायचं की."

मी निश्चिंत होऊन घरी आले. पुढच्या आठवड्यात दुसरी तक्रार. नाशिकच्या एका गिऱ्हाइकानं फोटोच पाठवला होता. सीडीच्या डबीवर पांढरा कागद चिकटवलेला, त्यावर मामांच्या ठसठशीत अक्षरात लेबल: 'जेवताना बघू नये. एकट्यानं तर बघूच नये. बघितलाच तर नंतर फोन करावा.' खाली नंबर.

नियमाप्रमाणे हे हातानं लिहिलेलं लेबल, म्हणजे गुन्हा. आता एकच तक्रार शिल्लक होती. मामांचा चेहरा उतरला. "दुकान बंद झालं तर ह्ये फोन बी बंद काय गं?" त्यांनी विचारलं. नंबर मामांच्या फोनमध्ये होते, पण आपण होऊन उगाच कुणाला फोन लावणं त्यांना जमणारं नव्हतं. सिनेमा हे निमित्त पाहिजे होतं. मी म्हटलं, "मी आहे ना." हे वाक्य मी ज्या ज्या वेळी म्हटलं आहे, त्या त्या वेळी काहीतरी बिघडलेलं आहे.

उन्हाळ्याची सुट्टी होती. मामा बाजाराला गेलेले बघून मी त्यांच्या घरी, दुकानातून आणलेल्या फळ्यांपाशी, कामाला लागले. एकेक सीडी, एकेक कव्हर, समोरून फोटो, मागून फोटो. करता करता वरच्या फळीपर्यंत पोहोचले आणि हाताला लाल कव्हर लागलं. माझं काळीज सातवीतल्यासारखं धडधडायला लागलं. दार लोटून घेतलं. कव्हर उलटं करून लेबल बघितलं.

यू.

मी पुसून बघितलं. यूच. सगळ्यांनी बघावा. पाळण्यातल्या पोरानंही बघावा. मला असा संताप आला की काय सांगू. इतकी वर्षं मी ज्या सिनेमासाठी लाजले, तो शाळेच्या गॅदरिंगला दाखवण्यासारखा निघाला! त्या तिरीमिरीत मी त्याचे फोटो काढले, साइटवर टाकला, आणि सिनेमा जागच्या जागी ठेवून घरी आले. वाटलं, आता बघते मामा काय म्हणतात.

दोन दिवसांत सोलापूरच्या एकाची ऑर्डर आली. मामा काहीच म्हणाले नाहीत. फक्त सिनेमा धाडला नाही.

"मामा, ऑर्डर मोडली तर ती तिसरी तक्रार धरतात. दुकान बंद होईल."

"होऊ दे की."

"मिरजेच्या बाईंचा फोन येणार नाही मग. कुणाचाच येणार नाही."

मामा बराच वेळ सदऱ्याची इस्त्री तळहातानं सारखी करत बसले. त्यांना ते किती लागत होतं, हे मला दिसत होतं. मग म्हणाले, "न्हाई आला तर न्हाई आला. ह्यो सिनेमा जायाचा न्हाई."

दुकान बंद झालं. साइटनं इंग्रजीत कळवलं, ते मी मराठीत शक्य तितकं गुळगुळीत करून सांगितलं. मामा म्हणाले, "बंद केल्यानी म्हण की सरळ." याच आठवड्यात माझ्या बदलीचाही कागद आला होता, हल्याळ तालुक्यात. शाळा उघडायच्या आत जायचं होतं. निघण्याआधी निदान मामांच्या सीडी तरी पावसाळ्यासाठी ट्रंकेत भरून द्याव्यात, म्हणून एका दुपारी गेले.

पसारा एवढा आणि ट्रंक एकच. निम्मं सामान बाहेर असतानाच झाकण लागेना. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बसायचं न्हाई सगळं." मी ट्रंकेवर चढून बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अवो, जरा मागं सरका की! अजून एक बसतंय!"

हे बाबांचं वाक्य. जीप कितीही भरलेली असो, टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, तरी रस्त्यात कुणी हात केला की बाबा ओरडायचे, "अजून एक बसतंय!" एकदा भागीरथीआजी शेळी घेऊन उभी होती. बाबांनी शेळीला पुढच्या सीटवर बसवलं, जंगल खात्याच्या साहेबाच्या मांडीला मांडी लावून. साहेब काही बोलला तर शेळी त्याच्या बाहीचं बटण खायला बघायची. रामनगर येईपर्यंत साहेबानं श्वाससुद्धा जपून घेतला, असं बाबा घरी येऊन सांगायचे, शेळीसारखी मान करून. मी ते सगळं मामांना सांगत सुटले. शेळीची मान करून दाखवली. हसता हसता ट्रंकेवरून घसरले, तरी हसणं थांबेना.

मामा हसले नाहीत. ते माझ्याकडे एकटक बघत होते. मग उठले, स्टुलावर चढले, वरच्या फळीवरचा लाल सिनेमा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"घे."

"आत्ता? आत्ता झालं होय माझं वय?"

"व्हय. आज झालं." मामा स्टुलावरच बसले. "ह्येच्यात गाडीवाला हाय गं एक. मध्यंतराच्या आदीच जातंय घाटात. त्येची बारकी पोर ऱ्हाती, दारात वाट बघत. तुमच्या घरात कसा दिऊ ह्यो? तुजी आवशी रडायची न्हाई, तू रडायची न्हाईस. कोनी बाचं नाव बी काडायचं न्हाई. म्हटलं, ही पोर बाचं नाव घिऊन ज्या दिशी हसंल, त्या दिशी हिचं वय झालं. तवर न्हाई."

बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि त्यांच्यासाठी मला सगळ्यांत जास्त भरून आलं ते त्या ट्रंकेपाशी. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग ही भिजलेली नटी कशाला कव्हरावर?"

"ती व्हय? ती एका गाण्यापुरती हाय."

मी डोळे पुसले. नियमात राहणारी बाई मी. डबीतून कव्हर काढलं आणि मामांच्या हातात द्यायला लागले. "हे घ्या. तुमचं दावं."

मामांनी माझा हात मागं सारला. "इकल्याल्या जनावराचं दावं ठिवत्यात, संगे. लेकीला गाय आंदण दिली तर दाव्यासकट जाती ती. एवढं बी कळंना, मास्तरीन हैस न्हवं?"

मी कव्हर परत डबीत घातलं. पण आणखी एक गोष्ट त्याच वेळी माझ्या ध्यानात आली. आमच्या घरी सीडी लावायचं मशीनच उरलं नव्हतं. कुणाच्याच घरी आता नसतं. वीस-पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी झुरले तो सिनेमा हातात, आणि तो बघायची सोय नाही, हे माझ्या एकंदर आयुष्याला धरूनच होतं.

"माज्याकडं हाय की," मामा म्हणाले. "लाव आत्ताच."

वीजही होती. सुप्याला तयार होणारी वीज एरवी आम्हाला न भेटताच पुढे जाते, त्या दुपारी थांबली होती. मी ट्रंकेला टेकून खाली बसले, मामा स्टुलावर. नटीचं गाणं आलं आणि गेलं. गाडीवाला चांगला होता, सगळ्यांना हाका मारत जाणारा. मग ट्रक घाट चढायला लागला. मामा उठले.

"च्या टाकतो," म्हणाले.

चहा आम्ही नुकताच घेतला होता. आतून भांड्याचा आवाज आला नाही, स्टोव्हचा आला नाही. मी खिडकीतून बघितलं. मामा अंगणात, चटईपाशी पाठमोरे बसून आमसुलं उलटीपालटी करत होते. ती कडक वाळलेली होती. त्यांना उलटायची काहीच गरज नव्हती.

जीपमधली पुढची सीट ज्याच्यासाठी राखीव होती, त्याच्या घराचं लेबल मी कधी विचारलंच नव्हतं. मामांनी सगळ्या तालुक्याला विचारलं, घरात कोण कोण आहे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मी रिमोट घेतला आणि सिनेमा थांबवला. ट्रक अजून वळणाच्या अलीकडेच होता. दारात जाऊन म्हटलं, "मामा, या आत. राहू दे. तुमचं वय नाही झालं अजून."

मामांनी वळून बघितलं नाही. हातातलं आमसूल चटईवर नीट ठेवलं.

"तू बघ हल्याळात जाऊन, मशीन घिऊन जा माजं," म्हणाले. "आन बघून झालं की फोन कर."